अर्ध्या मिलिमीटरचे डॉक्टर

तुमच्या खालच्या जबड्याच्या हाडाची रुंदी, ऐन हनुवटीपाशी, किती आहे हो? हाताने चाचपू नका, आरशाकडे जाऊ नका, नुसता आकडा सांगा. नाही ना येत सांगता? चपलेचा नंबर पाठ आहे, शर्टाचा पाठ आहे, शेताची चतुःसीमा झोपेतून उठवून विचारली तरी सांगाल. आणि ज्या हाडाच्या जिवावर जन्मभर भाकर चावली, भावकीशी भांडलात आणि मुलाबाळांना हाका मारल्या, त्याचं माप तुम्हाला ठाऊक नाही. आमच्या वरच्या डॉक्टरांना ही गोष्ट सहन होत नसे. अमरावती ते अकोला या पट्ट्यात माणसाकडे इतकं बारकाईने पाहणारा आणि तरीही एकाचाही चेहरा लक्षात न ठेवणारा दुसरा इसम झाला नाही, हे मी छातीठोकपणे लिहिते. छातीठोकपणे लिहिणं हा आमचा घरचा धंदा आहे. डॉक्टर आज हे वाचत असते तर मात्र त्यांनी पेन्सिलीने ‘दुसरा झाला नाही’च्या खाली रेघ मारून समासात लिहिलं असतं, ‘किती जणांमध्ये पाहून?’

वरचे डॉक्टर म्हणजे आमच्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावरचे. अमरावतीत कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत खाली माझ्या बाबांचा छापखाना होता आणि वर डॉक्टरांचं जबड्याची त्रिमिती छायाचित्रं काढण्याचं केंद्र. मी अक्षरं ओळखायला शिकले ती पत्रकांवर. कापसाच्या भावाची पत्रकं, भारनियमनाविरुद्धची पत्रकं, मोर्चाची, बंदची, बंद मागे घेतल्याची. ती वर्षंच तशी होती. गावागावातून वाईट बातम्या यायच्या आणि आम्ही त्या गुलाबी कागदावर छापून परत गावागावात पाठवायचो. कॉलेजात गेल्यावर पत्रकं मी लिहू लागले आणि त्यातल्या उद्गारचिन्हांना बाबांचे छपाईचे खिळे पुरेनासे झाले.

आमची छपाईची ट्रेडल मशीन सुरू झाली की इमारत थरथरत असे. वर डॉक्टरांच्या मशीनला थरथर चालत नसे. पेशंट त्यात हनुवटी एका टेकूवर ठेवून उभा राहतो, कपाळाला पट्टा लावतात आणि एक पांढरा हात त्याच्या डोक्याभोवती वीसेक सेकंदांत एक फेरी मारतो. मग कॉम्प्युटरवर अख्खा जबडा उभा राहतो. वरून पाहा, खालून पाहा, गोल फिरवा, पावाच्या लादीसारखे काप पाडा आणि प्रत्येक कापाची उंची-रुंदी मोजा. डॉक्टर म्हणायचे, “साधा एक्स-रे म्हणजे भिंतीवरची सावली व्हय. सावलीवरून बैल किती उंच ते समजते, पोटात किती रुंद ते नाही समजत.” पण त्या वीस सेकंदांत पेशंट जरा जरी हलला तर जबड्याच्या कडा फरफटल्यासारख्या उमटत. म्हणून आमचा करार होता. डॉक्टर वरून पाण्याच्या पाइपवर तीनदा टकटक करायचे आणि खाली बाबा ट्रेडल थांबवायचे. दिवसातून सहा-सात वेळा क्रांती वीस-वीस सेकंद थांबत असे. एकदा मोर्चाला तासभर राहिला असताना ती टकटक झाली आणि मी वर धावत जाऊन ओरडले, की हजारो माणसं या पत्रकाची वाट पाहून आहेत. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “हजारो म्हंजे किती? मोजले का? माह्याकडे एक आहे. मोजून एक.”

त्यांचं हे मोजणं मशीनपुरतं असतं तर काही म्हणणं नव्हतं. डॉक्टर माणसाला जबड्यानेच ओळखत. मूळचे ते पातूरचे, नातेवाईक जिल्हाभर पसरलेले, त्यामुळे लग्नाची आमंत्रणं पुष्कळ. आणि प्रत्येक लग्नात ते सख्ख्या मेहुण्याला अनोळखी माणसासारखा नमस्कार करून पुढे जात. मेहुणा रागावून “काहून जी, वळख सोडली का?” म्हणाला, की त्याचं तोंड उघडल्याबरोबर डॉक्टरांचा चेहरा उजळे. “अरे, तुमी! डाव्या अंगाची अक्कलदाढ आडवी झोपून राहिली ते तुमीच नं!” आणि मग मेहुण्याला मिठी. दर गुरुवारी ते एसटीने अकोल्याला एका दवाखान्यात जात. त्या प्रवासात मूर्तिजापूर येईपर्यंत अर्ध्या गाडीचे जबडे त्यांनी डोळ्यांनी मोजलेले असत. कोणाचा कमानदार, कोणाचा निमुळता, कोणाचा वखराच्या लोखंडी पाशीसारखा सपाट. एकदा परतताना त्यांनी कंडक्टरला थांबवून सांगितलं, “साहेब, तुमचा डावा सांधा घसरते. ‘तिकीट’ म्हणता तवा कट्ट वाजते.” कंडक्टर म्हणाला, “मंग काय मुक्यानं तिकीट फाडू?” डॉक्टरांनी त्यावर गंभीरपणे विचार केला आणि बडनेरा येईपर्यंत त्याला ‘टिकट’ म्हणून पाहायचा सल्ला दिला.

घरी काकूंचे हाल वेगळे. डॉक्टरांच्या पत्नीला आम्ही सगळे काकू म्हणत असू. डॉक्टरांना ‘थोडं’ हा शब्द चालत नसे. काकूंनी “थोडं मीठ कमी आहे का हो?” असं विचारलं की ते घास तोंडात ठेवून विचारात पडत आणि तोवर पोळ्या निवत. काकू म्हणायच्या, “यायच्या जिभेले चव नाही, पट्टी आहे.” डॉक्टरांचा आणखी एक नियम होता. प्रत्येक हाड ते तीनदा मोजत. एकदा सकाळी उपाशीपोटी, एकदा दुपारी जेवल्यावर आणि तिसऱ्यांदा दुसऱ्या दिवशी. त्यांचं म्हणणं असं, की उपाशी माणूस हाड बारीक मोजतो, जेवलेला माणूस उदारपणे मोजतो, आणि आपण यातले कोण हे दुसऱ्या दिवशी कळतं. तिन्ही मापं जुळली तरच ती शाईने लिहायची. खिशात कायम एक पितळेची बोटभर पट्टी. कॉम्प्युटरवरचं माप झालं की तीच जागा प्लॅस्टरच्या साच्यावर त्या पट्टीने ताडून पाहायची. “मशीन खोटं नाही बोलत,” ते म्हणत, “पण मशीनले कोणी तरी इचारते नं, तो माणूस असते.”

या काटेकोर माणसाची एकदा अशी फजिती झाली की गल्ली महिनाभर हसत होती. एका दुपारी पाइपवर टकटक नव्हे, घंटानाद झाला. आम्ही सगळे वर धावलो. डॉक्टर पडद्यावर बोट टेकवून उभे होते. दर्यापूरकडच्या एका पेशंटच्या जबड्याला डाव्या बाजूने, हाडाला लागून, एक वेगळाच पांढरा ठिपकेदार उंचवटा दिसत होता. पुस्तकात नाही, मशीनच्या यादीत नाही. “हे आपल्याच मातीतलं आहे!” डॉक्टर म्हणाले. त्यांनी तो उंचवटा तीन बाजूंनी मोजला, चित्र काढलं, आणि दुसऱ्या दिवशी पेशंटला बोलावून हातमोजा घालून बोट गालात घातलं. बोटाबरोबर एक खर्रा बाहेर आला. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं व्यवस्थित घोटलेलं. ते पांढरे ठिपके चुन्याचे होते. डॉक्टर म्हणाले, “अबे, मशीनमंधी उभं राह्याच्या आधी थुंकून ये म्हटलं होतं नं?” पेशंट म्हणाला, “थुंकला असता जी, पण ताजा होता.” त्यानंतर दारावर पाटी लागली: ‘खर्रा थुंकून आत यावे. गालात ठेवलेला खर्राही खर्राच समजला जाईल.’ पाटी आम्हीच छापली. लोक ती वाचत, खर्रा काढून मुठीत धरत आणि मशीनमधून उतरले की परत गालात ठेवत.

हसण्याची ही गोष्ट सोडली तर ‘आपल्याच मातीतलं’ हे त्यांचं खरं वेड होतं. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये एक नमुन्याचा जबडा आधीच भरलेला आला होता. कुठल्या तरी दूर देशात बसून कोणी तरी ठरवलेला सरासरी जबडा. पेशंटचं माप त्याच्याशी जुळलं नाही की पडद्यावर लाल रेघ येई. डॉक्टर त्या लाल रेघेवर खवळत. “हा जबडा कोनाचा व्हय? यानं कळण्याची भाकर खाल्ली? ऊस सोलला दातानं? मंग मी माह्या मान्साले याच्या मापानं काहून मोजू?” म्हणून ज्यांची तपासणी उपचारासाठी करावीच लागे, अशांची परवानगी घेऊन, नाव न लिहिता, ते मापं एकेका पांढऱ्या कागदावर टिपून ठेवत: वय, तालुका, हाडाची उंची, रुंदी, कमानीचा आकार, खाणं काय. उगाच हौस म्हणून आलेल्याला ते मशीनजवळ उभं करत नसत. एका पुढाऱ्याच्या मुलाला आपली हनुवटी किती रुबाबदार आहे हे पाहायचं होतं, त्याला त्यांनी “किरण फुकट नाहीत, आरसा पाह्य” म्हणून जिन्यावरूनच परत पाठवलं.

मला अर्थातच यात लढा दिसला. परक्या मापाने आमची हाडं मोजता! मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं, ‘आमचे जबडे, आमचे माप!’ आणि त्यात वऱ्हाडी जबडा हा जगातला सर्वांत कणखर जबडा असल्याचं जाहीर करून टाकलं. डॉक्टरांनी मजकूर वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “पोट्टे, हे कोनं सांगतलं तुले?” मी म्हटलं, “तुम्हीच तर म्हणता.” “मी म्हणतो, आपला जबडा मोजला नाही. तू म्हणतं, आपला जबडा मोठा आहे. ह्या दोन गोष्टीत एक अख्खं काम पडलं आहे.” पत्रक छापलं गेलं नाही. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही, पण ट्रेडल थांबवत राहिले. नवव्या दिवशी त्यांनी मला वर बोलावून दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एकाच वयाच्या दोन बायका, एकाच तालुक्यातल्या. एकीने दाढा काढल्यावर लगेच नव्या बसवल्या होत्या. दुसरीच्या जागा तशाच रिकाम्या, आणि तिथलं हाड विरघळलेल्या साबणाच्या वडीसारखं झिजलेलं. “दात गेला की त्याच्याखालचं हाड बसते. दरसाल थोडं थोडं,” ते म्हणाले. ‘थोडं’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. “या बाईले म्या इचारलं, कधी काढली दाढ? ते म्हणे, ज्या साली कापसाची पराटी जळली त्या साली. दात मंग पाहू म्हटलं, अन् पाहनं राहूनच गेलं. तू पत्रकात लिहितं नं ते वाईट सालं? मी हाडात वाचून राहिलो.” त्या दिवसानंतर मी त्यांच्यावर कधी रागावले नाही. निदान मनापासून नाही.

त्याच उन्हाळ्यात बाळापूरचे चाचा आले. चाचा म्हणजे तिथल्या एका बँडचे म्होरके, क्लॅरिनेट वाजवणारे. उंच, सडसडीत, दाढी मेंदीने रंगवलेली, आणि बोलणं इतकं अदबीचं की ट्रेडललाही सलाम करून जिना चढले. त्यांचे खालचे सगळे दात गेले होते. क्लॅरिनेट वाजवताना खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडून त्यावर वाद्याची पट्टी टेकावी लागते. दात नाहीत म्हणजे ओठाला आधार नाही, म्हणजे सूर नाही. कवळी करून झाली होती, पण ती फुंकर मारली की सरके. “सुरात नाही वाजत जी,” चाचा म्हणाले, “तालात वाजते. खटक, खटक.” लग्नं त्या नापिकीच्या वर्षांत पाच-दहा माणसांत उरकू लागली होती, बँड निम्मा विखुरला होता. एक जागा मात्र शाबूत होती. कौंडण्यपूरच्या कार्तिकातल्या जत्रेत, पालखीपुढे, त्यांच्या वडिलांपासून यांचाच बँड वाजत आला होता. मागच्या साली चाचांनी नुसता हात हलवला आणि सूर पुतण्याने लावला, तो लागला नाही. जत्रेच्या कमिटीने नम्रपणे कळवलं होतं: या साली चाचा स्वतः वाजवणार असतील तर ठीक, नाही तर डीजे सांगून टाकतो.

हाडात दोन स्क्रू बसवून त्यावर कवळी अडकवली तर ती हलत नाही, असं चाचांना कोणी तरी सांगितलं होतं. ते एका मोठ्या शहरात जाऊन आले. तिथे स्कॅन झालं आणि कागद मिळाला: हाड अपुरे. चाचांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला होता, पण क्लॅरिनेटची पेटी बरोबर आणली होती. मी तिथेच पेटले. गरिबाच्या जबड्याला मोठ्या शहराचा नकार! मथळा डोक्यात तयार झाला. डॉक्टरांनी मात्र सोबतच्या सीडीवरचं चित्र उघडलं, नाक पडद्याला लागेपर्यंत वाकले आणि म्हणाले, “चाचा, तुमाले दोन हनुवट्या आहेत.”

खरंच, हाडाची कड एक नव्हती; दोन होत्या, एकीची सावली दुसरीवर. त्यामुळे हाड कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं याचा अंदाज लागत नव्हता, आणि मोजणाऱ्याने सावध राहून कमी तेवढं धरलं होतं. डॉक्टर वळले. “मशीन फिरत होतं तवा कोनासंगं बोलले तुमी?”

“कोनासंगच नाही.”

“आठवा.”

चाचा आठवू लागले. “ते पोरगी होती जी तिथली, लय गुणाची. मशीन सुरू झालं अन् तिनं काचेतून इचारलं, ‘चाचा, घाबरून तं नाही राहिले?’”

“अन् तुमी?”

“म्या म्हटलं, ‘नाही बेटी, तू आपलं काम कर.’ आता डॉक्टरसाहेब, लेकीच्या वयाची पोरगी इतक्या मायेनं पुसून राहिली, अन् जवाब नाही द्याचा? ते तं बदतमीजी झाली नं.”

डॉक्टर खुर्चीवर बसले. “तुमच्या तमीजनं तुमचा जबडा हलवला, चाचा.”

पुन्हा स्कॅन करायला डॉक्टर सहजी तयार होत नसत, पण या चित्रावर कोणाचंच काम होण्यासारखं नव्हतं. आता प्रश्न असा की चाचांना वीस सेकंद गप्प कसं ठेवायचं. डॉक्टर म्हणाले, “मशीन फिरून राहिलं असन तवा साक्षात मौत जरी आली, तरी सलाम करू नोका.” चाचा म्हणाले, “अन् तुमीच काही पुसलं तर?” डॉक्टरांनी आपल्या स्वभावाचा विचार केला असावा, कारण त्यांनी रुमाल काढून स्वतःच्या तोंडावर बांधला. मग रुमाल परत खाली ओढून म्हणाले, “एक काम करा. मनातल्या मनात एक सूर धरा. लांब. पालखी उचलतात तवा धरता तसा. तो सुटाचा नाही.” पाइपवर तीनदा टकटक झाली. मी खाली होते, ट्रेडलवर मीच होते. मी चाक हाताने धरून थांबवलं. गल्लीतला भंगारवाला त्याच वेळी ओरडत आला, त्याच्यापुढे बाबा दोन्ही हात जोडून उभे राहिले. वर वीस सेकंद एक म्हातारा माणूस न वाजवलेला सूर धरून उभा होता आणि खाली आम्ही सगळे श्वास धरून. नंतर वरून डॉक्टरांचा आवाज आला, “एकच हनुवटी!”

पण एक हनुवटी म्हणजे पुरेसं हाड नव्हे. आता तीन मोजण्या. मी त्यांच्या मागेच लागले. “डॉक्टर, थोडं कमी भरलं तरी हो म्हणा. जत्रा कार्तिकात आहे. स्क्रू हाडात धरायलाच तीन महिने लागतात. माझं पत्रक तयार आहे.” त्या दिवशी प्रथमच ते माझ्यावर ओरडले. “अवं, याच हाडातून नस येते अन् इथून भाईर निघून खालच्या ओठात जाते. तिले धक्का लागला तं ओठ बधिर. दात नसलेला क्लॅरिनेटवाला उद्या दात लावन. ओठ मेलेला काय करन? मले नस पाच मिलिमीटर दूर पाहिजे. माह्या मनानं अर्धा मिलिमीटर वाढत असता तं या जिल्ह्यात एकाचंही हाड कमी भरलं नसतं. आकडा येईस्तोवर शाई लावू नोको.”

चाचा त्या दिवशी आमच्याकडेच राहिले. दुपारी जेवताना त्यांनी एकदाही विचारलं नाही. तेच मला जास्त टोचत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर जिना उतरून खाली आले. ते कधीच खाली येत नसत. हातात कागद, शाईने लिहिलेला. “उंची पंधरा. वरचं टोक तीनच मिलिमीटर रुंद, धारदार. त्या शहरवाल्यानं तेच पाह्यलं. पण चार मिलिमीटर खाली या, तं सहा भरते. टोक घासून सपाट केलं की अकरा उंची अन् सहा रुंदी. स्क्रू बसते.” मग त्यांनी कागद उलटला. “नस उजव्या अंगानं दूर आहे. डाव्या अंगानं पुढं वळसा घेते. तिथं दूरी साडेपाच.” त्यांनी चाचांकडे पाहिलं, माझ्या आठवणीत प्रथमच, जबड्याकडे न पाहता डोळ्यांकडे. “काल उपाशी साडेपाच. जेवून साडेपाच. आज साडेपाच. पाच पाहिजे होते. अर्धा मिलिमीटर तुमचा आहे, चाचा.”

चाचांनी कागद घेतला नाही. त्यांनी आधी पेटी उघडून क्लॅरिनेट काढलं आणि ते पुसायला लागले.

स्क्रू अकोल्याच्या एका सर्जननी बसवले. आमचे डॉक्टर शेजारी पितळी पट्टी घेऊन उभे राहिले आणि सर्जनना त्यांनी इतका त्रास दिला की शेवटी त्यांनी यांनाच ‘भुलीचं इंजेक्शन देऊ का’ म्हणून विचारलं. पावसाळा गेला. कार्तिकात मी, बाबा, काकू आणि डॉक्टर कौंडण्यपूरला गेलो. वर्धा नदीवर ऊन चकाकत होतं, पालखी उचलली, आणि चाचांनी पहिला सूर लावला. तो कसा होता हे मी लिहीत नाही. माझ्याकडची सगळी उद्गारचिन्हं त्याला पुरणार नाहीत. डॉक्टर गर्दीतून वाट काढत थेट चाचांच्या समोर गेले आणि उलटे चालत, त्यांच्या हनुवटीकडे टक लावून, ओरडून विचारू लागले, “चाचा, कवळी हलून तं नाही राहिली? डाव्या अंगानं? चाचा?” चाचा वाजवत राहिले. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. चाचांनी डोळे मिटले आणि सूर आणखी लांबवला. डॉक्टर तिथेच थांबले, गर्दी त्यांना ओलांडून गेली, आणि आम्ही पोचलो तेव्हा ते काकूंचा हात धरून म्हणत होते, “जवाब नाही देल्ला! पाह्यलं? या मान्सानं जवाब नाही देल्ला!” इतका आनंदलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

त्यानंतर काही वर्षांनी एका सकाळी पाइपवर टकटक झाली, आम्ही ट्रेडल थांबवली, वीस सेकंद गेले, मिनिट गेलं, पाच मिनिटं गेली. मी वर गेले. मशीन बंद होती. पेशंट नव्हताच. डॉक्टर टेबलाशी बसले होते, समोर एका बाईच्या जबड्याचे तीन आकडे, पेन्सिलीने: पाच, सहा, साडेपाच. त्यांचा उजवा हात टेबलावर आपोआप हलत होता, अगदी बारीक. “जुळून नाही राहिले. वाटलं तुमच्या ट्रेडलनं हात हलते, पण ट्रेडल थांबली तरी हलूनच राहिला,” ते म्हणाले. “चार दिवसांपासून पाहून राहिलो.” मी म्हटलं, “अर्ध्या-एका मिलिमीटरचा तर फरक आहे, डॉक्टर.” बोलून गेले आणि जीभ चावली. ते हसले. त्या बाईला त्यांनी नागपूरला पाठवलं, त्याच आठवड्यात पाटी उतरवली आणि काकूंना घेऊन पातूरला राहायला गेले. जाताना पितळी पट्टी आणि कागदांचं गाठोडं माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, “पुरे नाही झाले. सरासरी काढाले लय पाहिजेत. तू याचं पत्रक करू नोको, पोट्टे. पुरे कर.”

डॉक्टर वारले त्याला आता दोन पावसाळे झाले. माझ्या लक्षात येतं, की त्यांचा स्वतःचा जबडा कोणी मोजला नाही. निमुळता होता की कमानदार, मला सांगता येत नाही. बोलायचा भरपूर, एवढंच आठवतं. ट्रेडल विकली, आता इमारत थरथरत नाही. कागद मी दंतवैद्यक शिकणाऱ्या काही मुलामुलींच्या हाती दिले आहेत. ती हट्टी आहेत, तीनदा मोजतात, आणि माझा मजकूर वाचून समासात प्रश्न लिहितात.

म्हणून हे पत्रक नव्हे, विनंती आहे, आणि ती तुम्हाला आहे. तुमच्या आईला, आज्याला, शेजारच्या चाचीला कोणी ‘हाड नाही’ असं सांगितलं तर मान डोलवून घरी येऊ नका. विचारा, ‘किती आहे? कुठे मोजलं? किती वेळा?’ आकडा कागदावर मागून घ्या. कोणी तुमची मापं नाव न लिहिता नोंदवायची परवानगी मागितली तर द्या. आपलं माप आपण दिल्याशिवाय होणार नाही. आणि ती मशीन तुमच्या डोक्याभोवती फिरू लागेल तेव्हा काचेपलीकडून कोणी कितीही मायेने काही विचारो, वीस सेकंद जवाब देऊ नका. मनातल्या मनात एक लांब सूर धरा.